सोलापुरात चार दिवस राहून कुणाच्या कामाला हात लावता येईल का? (पॅकेज नको)

गाडीतली_खिडकी, ठाणे

नमस्कार मंडळी. माझं माहेर ठाण्याचं, सासर गुलबर्ग्याचं. लग्नाला तेरा वर्षं झाली. वर्षातून दोनदा तरी सोलापूरवरून जाणं होतं आणि तेरा वर्षांत सोलापूर पाहिलंय ते फक्त गाडीच्या खिडकीतून. फलाटावर उतरायचं, शेंगाचटणीची दोन पाकिटं घ्यायची, पळत येऊन डबा गाठायचा. एवढीच ओळख.

मागच्या दिवाळीत गाडी स्टेशनच्या अलीकडे पाऊण तास उभी राहिली. रुळालगत घरं होती. एका दारात दोन बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. माझी लेक (वय ११) टक लावून बघत होती. त्यातल्या एकीने मान वर केली, हातानेच 'चहा घेणार का' अशी खूण केली आणि दोघी खळखळून हसल्या. गाडी सुटली. लेक गुलबर्गा येईपर्यंत विचारत होती, आपण उतरलो असतो तर खरंच दिला असता का गं चहा?

तर यंदा उतरायचं ठरवलंय. २६ ते ३० डिसेंबर, आम्ही तिघं. नुसतं देवळं-किल्ला बघून परतायचं नाही, लोकांच्यात राहायचं आणि जमलं तर कुणाच्या कामाला हात लावायचा असा विचार आहे. शोधल्यावर एक पॅकेज मिळालं: तीन रात्री, बैलगाडी, चुलीवरचं जेवण, अर्धा दिवस गावच्या शाळेत शिकवणं, माणशी एक झाड लावणं आणि शेवटी स्वयंसेवेचं प्रमाणपत्र. माणशी साडेसहा हजार.

पैशांपेक्षा वेगळीच गोष्ट अडते आहे. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका जिल्ह्यात आम्ही अशाच सहलीला गेलो होतो. शाळेत पोरांनी रांगेत उभं राहून स्वागतगीत म्हटलं. शेजारच्या मुलाला मी म्हटलं, छान म्हणता रे. तो म्हणाला, "या आठवड्यात तिसऱ्यांदा म्हणतोय." त्या सहलीचे फोटो मी कुणाला दाखवलेले नाहीत.

मी शाळेत गणित शिकवते, नवरा कॉम्प्युटरवर बसतो, शेतीतलं दोघांनाही शून्य कळतं. आम्ही कुणाच्या उपयोगी पडू की नुसती अडचण होऊ? हे स्पष्ट सांगितलं तरी चालेल. गाडी आणणार नाही, रेल्वे आणि एसटीनेच फिरू.

गड्ड्यातला_गडी

ताई, डिसेंबरात कशाला येताय ओ? पंधरा दिवस दम काढा की. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा असतीय, आम्ही गड्डा म्हणताव. सात नंदीध्वज म्हणजे उंच काठ्या, पांढरी बाराबंदी घातलेली माणसं, १३ तारखेला गावातल्या ६८ लिंगांची फेरी, १४ ला संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता. त्या दिवशी सोलापुरात कुणी पाहुणा नसतंय, सगळे वऱ्हाडी. ओळख करून घ्यायला वेगळं काय करावं लागत नाही, शेजारचाच मुठीत अक्षता देतोय.

सुट्टी बदलत नसेल तर डिसेंबरात रात्री नंदीध्वजाचा सराव चालू असतोय, ते बघा. काठी पेलणाऱ्याच्या मानेची शीर बघितली की कळतंय काम काय आहे. मधे जाऊ नका, "मी पण धरू का" म्हणू नका, गेल्या साली एक जण म्हणाला होता. आणि ठाण्याहून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरा, सकाळी सोलापुरात. पुण्याहून आलात तर हुतात्मा. हुतात्मा नाव कशावरून ते पोरीला चार हुतात्मा चौकात आणून सांगा: १२ जानेवारी १९३१, येरवड्यात फाशी गेलेले आमचे चौघं.

हुरडा_स्पेशल

एवढा विचार कशाला? एखाद्या ॲग्रो टुरिझमला बुकिंग करा, हुरडा खा, झोपाळ्यावर बसा. शेतकऱ्याला पैसे मिळाले, तुम्हाला मजा. बाकी सगळं मनाचं समाधान.

माळावरचे_गुरुजी

ताई, मी झेडपीचा निवृत्त शिक्षक. बार्शी रस्त्याला नान्नजच्या पुढे आमचं गाव. चार एकर कोरडवाहू आणि विहिरीखाली एक-दीड एकर. तुमच्या त्या पोराचं वाचून आधी हसू आलं, मग लाज वाटली. तसलं स्वागतगीत मीही बसवून घेतलेलं आहे, पेटीवर सूर धरून.

हुरडावाले म्हणतात त्यात चूक काही नाही. पैसे देऊन हुरडा खाणं हा सरळ व्यवहार आहे, त्यात कुणी कुणाला फसवत नाही. मला भीती वाटते ती तुमच्या पॅकेजातल्या 'माणशी एक झाड' या ओळीची.

दहा-बारा वर्षं झाली असतील. माझा एक विद्यार्थी पुण्यात चांगल्या नोकरीला. त्याचा फोन आला, गुरुजी, आमच्या ऑफिसची चाळीस माणसं एक दिवस गावासाठी द्यायला तयार आहेत, काय करायचं? मी म्हटलं, झाडं लावा. गावालगत गायरान आहे, नुसता उघडा माळ, गवताशिवाय काही नाही. जुलैचा पहिला पाऊस झालेला. टेम्पोतून चारशे रोपं आली, एकसारखे टी-शर्ट आले, फ्लेक्स आला. फ्लेक्सवर माझाही फोटो. दुपारी दोनपर्यंत सगळे खड्डे भरले. माणसं मनापासून राबली हे मी आजही सांगेन. एका मुलीच्या हाताला फोड आले तरी ती कुदळ सोडेना.

आमच्या गावचा एक म्हातारा धनगर मेंढरं घेऊन लांब उभा होता. काठीवर हनुवटी टेकून अख्खा वेळ बघत होता. माणसं जेवायला बसली तेव्हा जवळ आला आणि म्हणाला, "गुरुजी, ह्या माळानं तुमचं काय वाकडं केलंय?"

मी हसण्यावारी नेलं. पोरांना तर सांगितलंही की अडाणी माणूस आहे, त्याला झाडाचं महत्त्व नाही. हे वाक्य मला अजून टोचतं.

पुढच्या आठवड्यात वनरक्षक चहाला आला. ओळखीचा होता म्हणून ओरडला नाही, समजावून सांगितलं. नान्नजचं अभयारण्य १९७९ पासूनचं, माळढोकासाठीचं. हा पक्षी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो आणि लांबून येणारं संकट दिसावं म्हणून त्याला सपाट, मोकळा माळ लागतो. आपण त्यात झाड उभं केलं की कावळ्याला बसायला फांदी मिळते आणि तिथून खालची अंडी दिसतात. माळढोक एक झाला, पण चंडोल, पखुर्डी, धाविक ही सगळी जमिनीवरच अंडी घालणारी पाखरं. काळवीट, लांडगा, मेंढरं यांचाही संसार गवतावरच. माळ म्हणजे झाडं लावायची राहून गेलेली पडीक जमीन, असं मी तीस वर्षं वर्गात शिकवत आलो होतो.

फेब्रुवारीपर्यंत चारशेतली साठ जगली. जगली ती बहुतेक गिरिपुष्पाची, कारण आमच्याकडच्या शेळ्या त्याला तोंड लावत नाहीत. पुढच्या पावसाळ्यात जमीन मऊ झाल्यावर वनरक्षकाला सांगून मी आणि आठवीची दोन पोरं गेलो आणि साठच्या साठ उपटून काढली. लावायला चाळीस माणसं होती, उपटायला तीन. धनगरबाबांना वाटेत गाठून सांगितलं. ते म्हणाले, "कळलं ना? झालं मग."

आणखी एक सांगतो, कारण शहरातली माणसं येतात आणि आमच्या लोकांना माळढोक वाचवा म्हणून चार शब्द सुनावून जातात. मूळ अभयारण्य कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावंच्या गावं, शेतं, रस्ते सगळं आलं. जमिनीचा व्यवहार करायचा, काही बांधायचं म्हटलं की परवानगी. पक्षी कुणी पाहिलेला नाही पण त्याच्या नावानं कटकट घरोघरी. २०१२ मध्ये ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं तेव्हा कुठे लोक जरा सैल झाले. आता माळढोक देशात दीडशेच्या आसपास उरलेत असं म्हणतात, बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. इथे तो दिसेल या भरवशावर येऊ नका. पण कट्ट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारा, तुम्ही पाहिलाय का? तो तुम्हाला तासभर सोडणार नाही. आमच्या लोकांना कुणी विचारतच नाही, सगळे सांगायलाच येतात.

आता कामाचं. त्या चाळीस जणांतला एक मुलगा, बँकेत आहे, दोन वर्षांनी एकटाच परत आला. कुठलीही संस्था नाही, टी-शर्ट नाही. म्हणाला, गुरुजी, पाच दिवस आहे, काय असेल ते काम द्या. फेब्रुवारी होता, ज्वारीची काढणी. आमच्याकडे रब्बीची ज्वारी मुळासकट उपटतात. वाकायचं, दोन्ही हातांनी बुंधा धरायचा, पाय रोवून हिसका द्यायचा, मुळाची माती पायावर झटकायची आणि पुढचं धाट. पहिल्या दिवशी त्यानं निम्मी सरीही संपवली नाही आणि संध्याकाळी त्याला ताटातला भाकरीचा तुकडा मोडता येईना. माझ्या मंडळींनी त्याला दूध-भाकरी कुस्करून दिली, लहान पोराला देतात तशी. गडीमाणसं हसली. दुसऱ्या दिवशी त्याला उपटणीवरून काढून पेंढ्या बांधायला दिला आणि ते त्याला जमलं. फेब्रुवारीत आमच्याकडे मजुरीला माणूस मिळत नाही, त्यामुळे पेंढ्या बांधणारे दोन हात ही खरीच मदत होती. पण लोक त्याला ओळखतात ते कामामुळे नव्हे, दूध-भाकरीमुळे. अजून तो आला की बायका विचारतात, भाकरी मोडता येती का आता?

तुम्ही डिसेंबरअखेर येताय, तेव्हा ज्वारी उभी असते. तूर काढणीला आलेली असते. कोयत्यानं कापणं तुम्हाला जमणार नाही, पण वाळलेली तूर ताडपत्रीवर बडवणं जमेल. धूळ नाकात जाते, रुमाल आणा. पुढं-मागं पेरलेल्या रानात कणसात दूध भरायला लागलं असेल तर लेकीला पत्र्याचा डबा देतो, पाखरं हाकलायची. हे लुटुपुटीचं काम नाही, अर्धा तास लक्ष नसलं तर पाखरं कणसं पोकळ करून जातात. द्राक्षबागेत मात्र हात लावू नका. नान्नजची द्राक्षं म्हणजे नाव आहे. सोनाका ही जात इथल्याच नानासाहेब काळ्यांनी काढलेली. विरळणीला सराईत बायका लागतात, शिकाऊ कात्री घडात गेली की घड गेला. बागवाला भिडेपोटी नाही म्हणणार नाही, म्हणून मी आधीच सांगतो.

राहायचं आमच्या घरी. फुकट नाही. माणशी सहाशे रुपये दिवसाचे, दोन्ही वेळचं जेवण-चहा त्यातच, लेकीचे निम्मे. पाहुण्याकडून पैसे घेणं मला जड जातं, पण फुकट ठेवलं की चौथ्या दिवशी मंडळींच्या कपाळाला आठी पडते हे अनुभवानं सांगतो. पैसे त्यांच्याच हातात द्यायचे. अंघोळीला माणशी एक बादली. जेवण भाकरी, पिठलं, शेंगाचटणी, दही. मुद्दाम वेगळं काही करणार नाही.

राहिली शाळा. शाळेत शिकवायला येऊ नका. शाळेत शिक्षक आहेत, आणि दोन दिवसांच्या पाहुण्या बाई गेल्या की पोरं आठवडाभर हाताला लागत नाहीत. पण तुम्ही गणिताच्या म्हणून विचारतो: आमच्या गावात चार पोरं शिष्यवृत्ती परीक्षेला बसणार आहेत, फेब्रुवारीत असते साधारण. इथे असताना संध्याकाळी त्यांच्याबरोबर बसा, कोण कुठे अडतंय ते बघा आणि ठाण्याला गेल्यावर दर रविवारी फोनवरून एक तास द्या, परीक्षेपर्यंत. सहा-सात रविवार होतील. जमत नसेल तर आधीच नाही म्हणा, मी वाईट मानणार नाही. मधेच सोडलं तर मात्र मानेन.

पूर्व_भागातली_अक्का

चहाचं आधी सांगते. दिला असता! तुमच्या लेकीला सांगा, नक्की दिला असता, आणि बिस्किट पण.

आणि ती हाताची खूण आहे ना, ती गंमत म्हणून नाही. आम्ही पद्मशाली, पणजोबांच्या काळी तेलंगणातून मागावर काम करायला आलेली माणसं. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी. घरचे पुरुष यंत्रमागावर, बायका विड्या. कारखान्यात माग सुरू झाले की शेजारच्याचं बोलणं कानाला तोंड लावलं तरी ऐकू येत नाही. धोटा इकडून तिकडे आपटत असतोय, दिवसभर तेच. मग सगळं खुणांनी. तार तुटली, कांडी संपली, मुकादम येतोय, चहा आला, सगळ्याला खूण आहे. माझे वडील निवृत्त झाले तरी घरात पाणी हवं असलं की अंगठाच दाखवतात. त्या बाईच्या घरचं कुणीतरी मागावर असणार, पैज लावते.

विड्यांचं एक सांगते. मागे एका ओळखीच्यांनी चार मुली आणल्या, शिकायचंय म्हणून. माझ्या आत्यानं कौतुकानं सूप त्यांच्या मांडीवर दिलं. भिजवलेलं पान पत्र्याच्या मापानं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड दुमडायचं. बघायला सोपं. त्यांनी दीड तासात सत्तर-ऐंशी वळल्या, फोटो काढले, "मावशी किती कष्ट" म्हणून डोळ्यांत पाणी आणलं, गेल्या. दुसऱ्या दिवशी कारखान्यात तपासणीत त्या सगळ्या छाटात गेल्या. छाट म्हणजे नापास, पैसे नाहीत. पान-तंबाखू मोजून मिळते, तीही गेली. मजुरी हजारावर असते, आत्याचा हजार पुरा व्हायला संध्याकाळ झाली. आत्या त्यांना काही बोलली नाही. मलाच म्हणाली, पुढच्या वेळी त्यांना नुसता चहा दे.

म्हणून सूप मांडीवर घेऊ नका, शेजारी बसा. दोरा देता येतो, पानं पुसता येतात. गप्पा आपोआप होतात, हात चालू असला की तोंड पण चालतंय.

तुमच्या मिस्टरांना काम आहे, पण पहिल्या फेरीत नाही. आमच्याकडच्या म्हाताऱ्या विडी कामगार बायकांना पीएफची पेन्शन येते. थोडी असते, पण त्यांची स्वतःची. वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो, मशीनवर अंगठा. आणि यांचे अंगठे तर पन्नास वर्षं पान वळून गुळगुळीत झालेले. मशीन घेतच नाही. जिवंत बाई समोर बसलेली आणि मशीन म्हणतंय, नाही. आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतंय, पण त्याला बरा फोन पाहिजे, नेट पाहिजे आणि धीर धरणारा माणूस पाहिजे. आजीबाई डोळे मिचकावतात, हसतात, पदर पुढे ओढतात, चार-चार वेळा करावं लागतंय. मी मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या अकरा जणींचं केलं, एकेकीला अर्धा तास लागला. पण त्यात आधार नंबर, पेन्शनचा नंबर सगळं हातात द्यावं लागतं. पहिल्यांदा आलेल्या माणसाला कुणी देणार नाही आणि देऊही नये. दोन-तीनदा येऊन चहा पिऊन गेलात की मग मीच बोलावीन.

चादर-टॉवेल घ्यायचे असतील तर मला सांगा, मागवाल्याकडे नेते. घासाघीस थोडी करा, लई करू नका. आणि दोन शब्द शिकून या: भेटल्यावर "बागुन्नारा?" म्हणजे बरे आहात ना. दुपारी "तिन्नारा?" म्हणजे जेवलात का. एवढं म्हटलं की आमची माणसं खुर्ची पुसून देतात. भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे, तेही लेकीला दाखवा. आमच्या सोलापूरचे. १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं त्यात होते. तिथली भाषा शिकले, तिथलीच बायको केली आणि १९४२ मध्ये ३२ व्या वर्षी तिथंच गेले. चिनी पाहुणे अजून येतात नमस्कार करायला.

गड्ड्यातला_गडी

अक्का, जिवंत बाई समोर आणि मशीन नाही म्हणतंय 😂 आमच्या आजीचं सेम झालं होतं बे. ती मशीनवाल्यालाच म्हणाली, मग माझं तेराव्याचं जेवण तूच घाल.

गाडीतली_खिडकी

सगळ्यांचे आभार. पॅकेजवाल्यांना आजच नाही कळवलं. त्यांनी विचारलं कारण काय, मी म्हटलं झाडं लावायची नाहीत. पलीकडे बराच वेळ शांतता.

ठरलं ते असं. २६ ला सकाळी उतरतो. पहिला दीड दिवस शहरात, अक्का, तुमच्याकडे चहाला येऊ का? सूप मांडीवर घेणार नाही हे लेकीकडून वदवून घेतलंय. रात्री नंदीध्वजाचा सराव. २७ च्या दुपारी बार्शीच्या एसटीने गुरुजींकडे, तिथे ३० पर्यंत.

रविवारच्या तासाचा मी दोन रात्री विचार केला. कबूल करून मोडणं मलाही जमणार नाही. फेब्रुवारीत माझ्या शाळेच्या पेपरांचं ओझं असतं, तरी सकाळी आठ ते नऊ हा तास देते. एक रविवार घरच्या लग्नामुळे जाईल, तो आधीच सांगून ठेवते. चौघांनी मागच्या वर्षीची प्रश्नपत्रिका सोडवून ठेवली तर बरं, बरोबर आली नाही तरी चालेल, खाडाखोड मात्र पुसू नका म्हणावं. मला खाडाखोडच बघायची असते.

नवऱ्याचं म्हणणं, तूर बडवणं हे त्याला ऑफिसातल्या कुठल्याही कामापेक्षा बरं वाटतंय. बघू या. लेकीला पाखरं हाकलायची इतकी घाई झालीय की घरात स्टीलच्या डब्यावर सराव चालू आहे, खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन गेल्या. येताना काय आणू? गावात कुणासाठी खाऊ, वह्या वगैरे आणलेलं चालतं का?

पूर्व_भागातली_अक्का

या की. पण दुपारी दोनच्या आत या. नळाला पाणी आमच्याकडे रोज नसतं, चार-पाच दिवसांनी येतं, आणि २६ ला आमचा नंबर दुपारनंतर लागेल असं दिसतंय. पाणी आलं की देव जरी दारात आला तरी आम्ही त्याला थांबा म्हणताव. त्या वेळी आलात तर हंडा हातात देईन, मग म्हणू नका. खरं तर त्या वेळीच या. तीच खरी मदत.

माळावरचे_गुरुजी

वह्या, पेन, चॉकलेट काही आणू नका. एकदा वाटलं की पोरं पुढच्या प्रत्येक पाहुण्याच्या पिशवीकडे बघतात, ते मी भोगलंय. आणायचंच असेल तर मंडळींसाठी ठाण्याचं काहीतरी खायला आणा, जसं कुणाच्याही घरी नेतो तसं. खाडाखोडीचा निरोप पोरांना दिला. एकजण म्हणाला, मग तर माझी सगळ्यात भारी आहे.

माळावर सकाळी एकदा नेईन. रस्ता सोडायचा नाही, मोबाइलवर पाखरांचे आवाज वाजवायचे नाहीत. उन्हाळ्यात यायचं झालं तर बुद्धपौर्णिमेला वनखात्याची पाणवठ्यावरची गणना असते. आधी अर्ज करावा लागतो, निवड झाली तर रात्रभर मचाणावर बसून आलं-गेलं जनावर लिहायचं. ते काम मात्र बाहेरच्या माणसालाही करता येतं, झोप आवरली पाहिजे.

जुने मोजे आणा, टाकून द्यायच्या लायकीचे. त्या दिवसांत कुसळी गवत वाळलेलं असतं, माळावर दहा पावलं टाकली की मोज्यात शंभर कुसळं. काढायला संध्याकाळ जाते, आणि ओढली की टोक आतच राहतं. तुमच्या लेकीला एक दाखवीन. लांब शेपटीचं कुसळ घ्यायचं, तळहातावर ठेवायचं आणि शेपटीला जराशी थुंकी लावायची. दोन क्षण काही होत नाही. मग ते आपोआप फिरायला लागतं, गोल, जिवंत असल्यासारखं. ओल लागली की पीळ सुटतो आणि बी जमिनीत स्वतःला पिळून घेतं, म्हणून पहिल्या पावसात माळ पुन्हा उभा राहतो. हे मला धनगरबाबांच्या नातवानं दाखवलं. मी निवृत्त झाल्यावर.